तिच्या हातचा जवळा

आमच्या नातीच्या अंगावर जे उठायचं त्याला डॉक्टरीण अ‍ॅलर्जी म्हणायची, माझी बायको उष्णता म्हणायची आणि माझी थोरली बहीण नजर म्हणायची. मी काही म्हणत नव्हतो. माझा जन्म मिठागरावर गेला, खाज काय असते ते मला कोणी सांगायला नको. पण मिठागरावरची खाज घरी येऊन अंघोळ केली, खोबरेल चोळलं की जाते. ही जात नव्हती.

कोपराच्या खळगीत, गुडघ्याच्या मागे, मानेला आणि मनगटाला. आधी लाल व्हायचं, मग बारीक पुरळ, मग खाजवून खाजवून तिथलं कातडं जाड आणि काळपट व्हायचं, पाणी आटलेल्या खाचरासारखं भेगाळायचं. कधी एकदम पाठभर गांध्या उठायच्या. पोर नुकती शाळेत जायला लागलेली. तिच्या बाकावर कोणी बसायला बघेना. एका पोराच्या आईने शाळेच्या फाटकाशी माझ्या सुनेला विचारलं, "हे दुसऱ्यांना होत नाही ना हो?" सून घरी आली आणि संध्याकाळपर्यंत भांडी आपटत होती.

पोरीचं सगळं माझी बायको बघायची. मुलगा आणि सून दोघं कामाला जातात. विचुंब्याला फ्लॅट घेतला तो त्यांनी, आम्ही म्हातारा-म्हातारी गावचं घर सोडून त्यांच्याबरोबर राहायला आलो ते या पोरीसाठीच. बायको तिला कडुनिंबाच्या पाण्याने अंघोळ घालायची. पाय पसरून बसायची आणि एवढी मोठी झालेली पोर पायांवर आडवी घ्यायची, तान्हं असल्यासारखी. मग खोबरेलात कापूर घालून ते त्या जागांना लावायची. हळूहळू, बोटाच्या टोकाने. पोर दुपारी झोपली की झोपेत खाजवायची, म्हणून ही शेजारी बसून तिचं मनगट धरून ठेवायची. टीव्ही बघायची, पण हात सोडायची नाही.

मी म्हणायचो, "बांगड्या रुततात तिला. बग, वन उठलाय."

"तुमी गप बसा. रगत काढंल नायतर."

डॉक्टरीण पनवेलात. चांगली बाई, तरुण. तिने मलम दिलं, साबण बदलला, कपडे सुती घालायला सांगितले. आणि म्हणाली, मासे-अंडी बंद करून बघू या. आमच्या घरात मासळी बंद म्हणजे काय ते बाहेरच्याला कळायचं नाही. पण बायकोने केली. पोरीच्या ताटात पापलेट नाही, बोंबील नाही, निवटी नाही, काही नाही. आम्ही जेवायचो तेव्हा ती पोरीला आधी जेवू घालून गॅलरीत पाठवायची. एकदा मुलाने मांदेलीचा एक तुकडा पोरीच्या तोंडात घातला, तर हिने त्याच्या पाठीत धपाटा घातला. चाळिशीच्या माणसाला.

पण पोर जेवायला नुसती रडायची. भात दोन घास खाल्ला की तोंड फिरवायची. तेव्हा माझी बायको ओट्यावरची बरणी काढायची, चिमूटभर भातावर टाकायची, तूप घालायची आणि कालवायची. मग पोर वाडगं चाटूनपुसून मोकळं करायची. आजीचा मसाला म्हणायची ती त्याला.

तो जवळा. जवळा म्हणजे अगदी बारीक कोळंबी, उन्हात वाळवून कुरकुरीत केलेली. बायको दर वर्षी उरणकडच्या एका कोळणीकडून घ्यायची, बिल्डिंगच्या गच्चीवर चादरी पसरून आणखी वाळवायची, मग तव्यावर भाजून लसूण-मिरचीबरोबर कुटायची आणि चिनी मातीच्या बरणीत भरून वर फडकं बांधायची. वांग्यात तो, वालात तो, आमटीतसुद्धा चिमूटभर. गच्चीवर वाळत घातला की सोसायटीचा सेक्रेटरी वर यायचा.

"काकी, अहो वास येतो. लोक तक्रार करतात."

"येनारच. मी काय मोगरा वालत घातलाय?"

त्याच्या हातात वाटीभर द्यायची. तो घेऊन जायचा. तक्रारही करायचा आणि दर वर्षी वाटीही न्यायचा.

यंदाही तिने बरणी भरली. दिवाळीपर्यंत पुरेल म्हणाली. फडकं बांधलं, ओट्यावर ठेवली, आणि त्याच आठवड्यात गेली. सकाळी चहा ठेवला होता. गॅस चालू, चहा उतू गेलेला, आणि ही ओट्याला टेकून खाली बसलेली. मला वाटलं दमली. मी म्हटलं, "अगो, चाय गेली सगली." आजही सकाळी दूध वर आलं की तेच माझ्या तोंडात येतं.

मग सुतक. आमच्यात तेरा दिवस मासळी घरात येत नाही. भावकीतले डबे आणतात, पिठलं, वाल, भात, बिनमसाल्याचं. बरणीचं फडकं कोणी सोडलं नाही. पोर दोन दिवस रडली, मग भूक लागली तशी खायला लागली.

दहाव्याला गाढी नदीवर गेलो. पिंड ठेवला. कावळे होते, चांगले पाच-सहा, बाभळीवर बसून बघत होते. एक खाली आला, पिंडाभोवती फिरला, परत उडाला. ऊन चढलं. भटजी घड्याळ बघायला लागले. मग आमच्यात करतात तसं एकेक जण पुढे होऊन तिला सांगायला लागला. मुलगा म्हणाला, "आये, मी बाबांना बघीन." कावळा हलला नाही. माझी थोरली बहीण, तिला आम्ही सगळे बाय म्हणतो, ती म्हणाली, "तुजी नथ सुनंला देऊ, दुसऱ्या कुनाला नाय." नाही. कोणी म्हणालं, गावच्या घराचं वाटप नीट करू. कावळा पंख साफ करत बसला.

बाय माझ्याकडे वळली. "तू बोल ना. नवरा हायस का कोन?"

मी काय बोलणार. माझ्या मनात पोरीचं मनगटच होतं. मी पुढे झालो आणि म्हटलं, "पोरीच्या अंगावरचं मी घालवीन. सबूद हाय माजा. तू जा आता."

कावळा उतरला आणि शिवला. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मी तसाच उभा राहिलो. तू जा म्हटलं आणि ती लगेच गेली, एवढंच माझ्या डोक्यात.

तेराव्याच्या दिवशी सून पोरीला अंघोळ घालत होती. तिने मला हाक मारली. "बाबा, हे बघा." पोरीची कोपरं मऊ. गुडघ्यामागे नुसता काळा डाग राहिलेला, खरखर नाही. मान साफ. दोन वर्षांत असं अंग बघितलं नव्हतं. सून मोरीतच रडायला लागली. जेवायला आलेल्या सगळ्या बायकांनी पोरीचा हात फिरवून फिरवून बघितला. "आजी घेऊन गेली गो," म्हणाल्या. "आपल्या अंगावर घेतलान आनि गेली." मलाही तसंच वाटलं. मी शब्द दिला होता आणि तो तिनेच पाळून टाकला, माझ्या हातून काही होणार नाही हे तिला ठाऊक असणार.

चौदाव्या दिवशी सुतक सुटलं, तोंड खारं करायचं म्हणून मटण झालं, मासळी झाली. पोरीला अर्थात मासळी नाही. पण ती ओट्याशी उभी राहून बरणीकडे बोट दाखवायला लागली. सुनेने फडकं सोडलं. घरात एकदम वास पसरला. तो वास तिच्या पदराचा होता. सुनेने चिमूट पोरीच्या भातावर टाकली.

दुसऱ्या दिवशी दुपारी पोरीची मान लाल. त्याच्या पुढच्या दिवशी कोपरं. आठवड्यात सगळं होतं तसं, वर पाठीवर गांध्या.

बाय गावाहून आली. पोरीला उजेडात उभी केली आणि बघत राहिली. "कुटं कुटं उठलाय ते बगितलास?" मला म्हणाली. "जितं ती धरायची, तितं. मनगट, कोपर, मान. ती गेली नाय. पोरीत जीव हाय तिचा, ती परत आयली."

मुलगा चिडला. "बाय, काहीपन बोलू नको पोरीसमोर."

"मंग तू सांग. तेरा दिस कुटं गेलती खाज?"

तो चपला घालून खाली निघून गेला. खरं सांगतो, मला भीती वाटली, पण त्या भीतीतच कुठेतरी बरंही वाटत होतं. आली. माझ्याकडे नाही आली, पोरीकडे आली, पण आली तर खरी.

मग दुपारी मी तिच्या जागेवर बसायला लागलो. मुलगा-सून कामाला, घरात मी आणि झोपलेली पोर. मी तिचं मनगट धरायचो. ती झोपेत ओढायची. कातडं गरम लागायचं. तिच्या मनगटावर गोल वण उठलेला असायचा, बांगडी रुतावी तसा, आणि बांगडी घालणारं माणूस घरात नव्हतं. मी टीव्ही लावत नव्हतो. कान देऊन बसायचो. स्वयंपाकघरातून तो वास यायचा, खोबरेल आणि जवळा, आणि मी उठून बघायला जायचो नाही. बघितलं आणि कोणी नसलं तर काय करायचं?

एकदा पोर जागी झाली आणि म्हणाली, "आजोबा, आजी हात सोडत नाही."

मी म्हटलं, "मी धरलाय तो."

"तुमचा नाही. हा." तिने दुसरं मनगट दाखवलं. ते लाल होतं.

बायने सांगितलं, तिला तिच्या आवडीचं द्या, पोट भरलं की जाईल. अमावास्येला तिच्या नावाचं पान ठेवा. मी म्हटलं ठेवू. पान सुनेनेच वाढलं. भात, वाल, वांग्याची भाजी जवळा घालून, आणि पानाच्या कडेला नुसता जवळा, चांगला मूठभर, कारण माझ्या बायकोला तसाच लागायचा. पान ओट्याजवळ ठेवलं, जिथे ती बसलेली सापडली तिथे. आम्ही दार लोटून बाहेर थांबलो. मग बाय म्हणाली, पान आता पोरीला खाऊ घाला, तिच्या लाडकीने खाल्लं म्हणजे तिला पोचलं. पोर आनंदाने बसली. मूठभर जवळा भाताबरोबर सगळा खाल्ला.

मी अजून पान उचलत होतो तोवर पोर ओठ चोळायला लागली. ओठ सुजले. मग डोळे, पापण्या फुगून बंद व्हायला आल्या. अंगभर गांध्या, एकीत एक मिसळलेल्या, मध्ये चांगलं कातडं दिसेना. खोकायला लागली. बाय हात जोडून ओट्याकडे तोंड करून ओरडत होती, "सोड गो तिला! सोड!" सुनेने पोरीला उचललं आणि चप्पल न घालता खाली धावली. रिक्षात मी पोरीला धरून होतो आणि मीही मनातल्या मनात तेच म्हणत होतो, सोड. पहिल्यांदाच मनापासून म्हणत होतो.

हॉस्पिटलात इंजेक्शन दिलं, संध्याकाळपर्यंत सूज उतरली. दुसऱ्या दिवशी आमच्या नेहमीच्या डॉक्टरणीकडे नेलं. तिने सगळं विचारलं. सूनच सांगत होती. तेरा दिवस अंग साफ झालं होतं हे सुनेने सांगितलं तेव्हा डॉक्टरीण लिहायची थांबली.

"त्या तेरा दिवसांत वेगळं काय होतं?"

मी म्हटलं, "तिची आजी मेली होती."

ती माझ्याकडे बघून हळू म्हणाली, "हो काका. पण घरात काय बदललं? साबण? पाणी? खाणं?"

"सुतक होतं," सून म्हणाली. "घरात मासळी नव्हती."

"पण मासे तर हिला तुम्ही आधीच बंद केले होते ना? आजीच म्हणाल्या होत्या मला. काट्यालाही हात लावत नाही म्हणून."

"बंदच होते. एकदम बंद."

पोर खुर्चीवर पाय हलवत बसली होती. ती म्हणाली, "आजीचा मसाला नव्हता. भात घाण लागायचा."

"कसला मसाला?" डॉक्टरणीने विचारलं.

सुनेचं तोंड उघडं राहिलं. मग ती म्हणाली, "जवळा."

डॉक्टरणीने पेन खाली ठेवलं. "अहो, जवळा म्हणजे कोळंबीच ना?"

आता हे कसं समजावू. आमच्यात मासळी म्हणजे जिला काटा असतो, जी विळीवर कापावी लागते. जवळा बरणीत राहतो, मिरचीबरोबर राहतो, तो मसाला. डॉक्टरणीने विचारलं मासे बंद केले का, माझ्या बायकोने छातीवर हात ठेवून सांगितलं केले, आणि ती खोटं बोलली नव्हती. श्रावणात मात्र तोच जवळा तिला मासा होता. तेव्हा आम्हा सगळ्यांचा बंद. फक्त पोरीची बरणी देवापासून लांब खिडकीत ठेवायची. "लेकराला कसला सरावन," म्हणायची. ते तेरा दिवस सोडले तर दोन वर्षांत एक दिवस चुकला नव्हता.

डॉक्टरीण म्हणाली आता कोळंबी, जवळा, खेकडा काही नाही, घरात कुटायचासुद्धा नाही, हाताला लागलेला चालणार नाही. आणखी काही तपासण्या करू म्हणाली. औषध लिहून दिलं.

ज्या बोटांनी तेल लावायची त्याच बोटांनी ती चिमूट टाकायची. सकाळी लावायची, दुपारी घालायची, मग मनगट धरून बसायची. दोन वर्षं. मला तिचा राग आला. मेलेल्या बायकोचा राग येतो तेव्हा तो ठेवायचा कुठे? ती असती तर मी म्हटलं असतं, अगो येडे, पोरीला तूच देत होतीस. आणि तिने डोक्याला हात लावला असता, मग माझ्यावरच ओरडली असती, तुमी का नाय सांगितलात? भांडण झालं असतं, दोन दिवस बोलली नसती. तेवढं तरी झालं असतं.

घरी येताना रिक्षात सून म्हणाली, "बाबा, बायना सांगू नका. गावात पसरेल. आईंचं नाव नको यायला."

"मंग काय सांगायचं?"

"आजी गेली म्हणायचं. अमावास्येच्या पानाने गेली."

मी तिच्याकडे बघितलं. नथ तिला द्यायची ठरली होती ते बरोबरच होतं.

तिने घर पुसून काढलं. मिक्सर, पाटा, डबे गरम पाण्याने धुतले. ओट्यावर बरणी तेवढी राहिली. तिला हात लावायला कोणी धजेना. मुलगा म्हणाला, मी टाकून देतो. मी म्हटलं, "तू हात नको लावू." जुन्या धोतरात बांधून मी ती घेतली आणि एसटीने गावी बायकडे नेली. बायला म्हटलं, माझी आहे, असू दे तुझ्याकडे, मी येऊन खाईन. तिने ती फळीवर ठेवली.

पोरीचं अंग आता सुटलंय. महिना होत आला. कोपरात नुसते डाग आहेत, तेही फिके पडतायत. बाकावर शेजारी एक मुलगी बसते म्हणे. दुपारी पोर शांत झोपते, हात उघडे टाकून. मी तिच्या शेजारी बसतो, सवयीने. मनगट धरायचं काही कारण उरलं नाही. गार असतं, साधं. घरात वास येत नाही. कान देऊन बसलो तर खालच्या मजल्यावरचा टीव्ही ऐकू येतो.

परवा गावी गेलो. बायने भात वाढला, मी बरणीचं फडकं सोडलं आणि हाताने चिमूट घेतली. तिने कुटलेला, तिने बांधलेला. मिरची जरा जास्त, नेहमीसारखी. बाय समोर बसून बघत होती. "कमी कमी घे," म्हणाली, "लवकर संपंल." मी म्हटलं, "संपू दे." पण घेतला कमीच.

तिथेच नळावर हात धुतले, साबणाने, नखांतून काढून काढून. अंघोळ केली, सदरा बदलला. विचुंब्याला आलो तर पोर दारात उभी. तिने माझा वास घेतला, कुत्र्याच्या पिल्लासारखं नाक वर करून.

"आजोबा, आजी आली होती?"

हात पुढे केले तिने, उचलून घे म्हणून. मी माझे हात पाठीमागे घेतले.

"नाय," म्हटलं. "ती गेली."

आणि मोरीत जाऊन परत साबण लावला. पोर दाराबाहेर उभी राहून विचारत होती, आजोबा झालं का, आजोबा झालं का. मी म्हटलं, थांब गो, वास अजून येतोय.